वीस पौंड कमी

कॅरी, ५ ऑक्टोबर १९८६

मायना काय घालावा ते ठरेना, म्हणून तसंच सुरू करते. एरवी मी दिवाळीलाच लिहिते, त्याआधीच पत्र आलेलं बघून घाबराल, तर आधीच सांगते: प्रतापची प्रकृती उत्तम आहे. मीही बरी आहे. नोकरी तीच, औषधांच्या लॅबमधली.

गुरुवारी संध्याकाळी आपल्या घरी एक माणूस येऊन गेला. आपल्या म्हणजे माझ्या. वॉल्ट ब्रॅनन त्याचं नाव. साठीचा असेल. टोपी मांडीवर ठेवून सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता. तो स्काउट आहे, म्हणजे कॉलेजातल्या पोरांमधून धंदेवाईक अमेरिकन फुटबॉलसाठी खेळाडू हेरायचे, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. तो तुमच्या मुलाला हेरतो आहे.

तुम्ही नागपूरला परत गेलात तेव्हा प्रताप पंधरा वर्षांचा होता आणि शाळेच्या टीममध्ये बाकावर बसून असायचा. आता कॉलेजच्या टीममधला तो नावाजलेला गडी आहे. हा खेळ तुम्हाला माहीत नाही, मलाही आत्ता आत्ता कळायला लागलाय. समोरच्या टीमचा एक जण चेंडू घेऊन मागे सरकतो आणि लांब फेकतो. त्याने फेकायच्या आत त्याला आडवा करायचा, हे प्रतापचं काम. मध्ये एक रेड्यासारखा माणूस उभा असतो, त्याचं काम प्रतापला अडवायचं. बस, एवढंच. पण हे ज्याला नीट जमतं अशी माणसं देशात मोजकी, असं वॉल्ट म्हणाला.

मी त्याला चहा आणि शंकरपाळे दिले. विचारलं, "तुम्ही नेमकं बघता तरी काय?"

"पहिलं पाऊल," तो म्हणाला. "चेंडू हलला की पाय किती लवकर सुटतो ते. हात कसे वापरायचे ते शिकवता येतं. कोपऱ्यावर वाकून वळायचं कसं, तेही थोडंफार शिकवता येतं. पहिलं पाऊल आईबापाकडून आणावं लागतं. तुमच्या मुलाने ते आणलंय. समोरचा उठून उभा राहीपर्यंत हा त्याच्या बाजूने निघून गेलेला असतो."

"मग अडचण काय?"

"वजन. तो दोनशे चोवीस पौंड आहे. आमच्या इथे त्या जागेवर दोनशे पंचेचाळीस लागतात." त्याने एक शंकरपाळा उचलला, पण खाल्ला नाही. "वीस पौंड कमी आहे, मिसेस दामले."

मग त्याने विचारलं, मुलाचे वडील अंगाने कसे आहेत, आजोबा कसे होते. म्हटलं, सगळे उंच आणि सडसडीत. वडील कुठे असतात, असंही विचारलं. मी म्हटलं, कामासाठी भारतात.

एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो. सगळे संघ पाळीपाळीने मुलं निवडतात. त्यात प्रतापचं नाव येऊ शकतं, अगदी शेवटी शेवटी का होईना. फोनवर मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी स्काउटचं नाव दोनदा विचारलं. मग म्हणाला, "डझ बाबा इव्हन नो?"

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच पंधरा नोव्हेंबरला आहे. तुम्ही यावं असं तो म्हणालेला नाही. मी त्याच्या बोलण्याचा अर्थ तसा लावला.

सुहासिनी


कॅरी, १६ नोव्हेंबर १९८६

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या कॉलेजातल्या नोकरीतून रजा मिळत नाही हे समजलं. प्रतापच्या डिग्रीचं काय, हा प्रश्नही समजला. डिग्री होईल. "हा काय धंदा आहे?" असं विचारलंत, म्हणून काल जे बघितलं ते लिहिते.

सुमेधा माझ्याबरोबर आली होती. ती आमच्या गल्लीत राहते, डॉक्टर आहे, सोलापूरकडची. तुम्ही गेल्यानंतर माझी तिच्याशी ओळख झाली. आम्ही दोघी घोंगडी पांघरून बसलो होतो. लाउडस्पीकरवरचा माणूस आपल्या आडनावाचा "डॅमल" करतो. काल तो सारखा डॅमल, डॅमल करत होता. प्रतापने त्यांच्या फेकणाऱ्याला तीनदा पाडलं. तिसऱ्या वेळेला तो मुलगा लवकर उठेना. मी घोंगडी टाकून उभी राहिले, आणि सगळं स्टेडियम माझ्या मुलासाठी ओरडत होतं.

वॉल्ट आमच्या मागच्या रांगेत होता. दुर्बीण लावून बसला होता. मला म्हणाला, "तुम्ही चेंडू बघताय. चेंडू सोडा. फक्त मुलगा बघा." मग मी तसंच केलं. खरंच, सगळ्यांच्या आधी एक जण हलायचा आणि तो प्रताप असायचा. मला वाटलं, हा असा लगबगीचा कधीपासून झाला? सकाळी तर हाका मारमारून उठवावं लागायचं.

पण शेवटी शेवटी तो दमला. समोरच्या रेड्याने त्याला एकदा छातीशी धरलं की सोडेचना. प्रताप नुसता हातपाय झाडत राहायचा. वॉल्टने दुर्बीण खाली घेतली. "हेच," तो म्हणाला. "अंगात वजन नाही. दमला की पिसासारखा असतो."

मॅचनंतर प्रतापला भेटले. घामाने निथळत होता. त्याने माझ्यामागे बघितलं, सुमेधाच्याही मागे बघितलं. मग म्हणाला, "हाय आई." मी त्याला तुमच्या रजेचं सांगितलं.

आता तो थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी येईल. मी काल पहिल्यांदा मटणाच्या काउंटरपाशी उभी राहिले. कुठला भाग घ्यायचा तेही कळेना, मागच्या बाईनेच सांगितलं. अंडी घरात आलीच होती, आता कोंबडीही आली. तुमच्या आईंना कळवू नका. मराठी मंडळाच्या दिवाळीत सगळ्यांनी विचारलं, मेडिकलला का नाही टाकलात? मी म्हटलं, त्याचं दुसरं ठरतंय. हे म्हणताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सुहासिनी


कॅरी, ११ जानेवारी १९८७

आनंदाची बातमी. प्रताप दोनशे एक्केचाळीस पौंडांचा झाला.

नाताळच्या सुट्टीत पूर्ण घरीच होता. सकाळी सहा अंडी, दुपारी कोंबडी, मध्ये दुधाचे पेले, संध्याकाळी पुन्हा कोंबडी. मधल्या वेळात जिम. मानेचं तर काही विचारू नका, कॉलरची बटणं लागत नाहीत. मी दोन शर्ट उसवून बघितले, पण कापडच पुरेना, नवे आणले. कोच खूश आहेत. वॉल्टचाही फोन आला होता. आकडा ऐकून तो "बरं" म्हणाला आणि थोडा थांबला. मग पुन्हा म्हणाला, "बरं."

पाठीवर पुरळ उठलंय त्याच्या, चौदा वर्षांच्या पोरासारखं. जास्त तेलातुपाने असेल. थोडा चिडचिडा झालाय, पण परीक्षा, ड्राफ्ट, सगळंच एकदम आलंय. त्याच्या खोलीचं दार बदलून घेतलं. जुनंच झालं होतं.

तुम्ही पत्रात लिहिलंत की तुम्हालाही इथे कंपनीत दर वर्षी असंच तोलायचे आणि शेवटी बढती न देता बाजूला ठेवलं. मला ते ठाऊक आहे. तुमच्या कंपनीने त्या वर्षी जे केलं ते मी विसरलेले नाही. पण त्याला हे सांगू नका. तुमचं तोलणं आणि त्याचं तोलणं एक नाही. त्याला सगळ्यांसमोर तोलतात आणि तो काट्यावर आपण होऊन चढतो.

बर्फ पडलंय. इथे एवढ्याशा बर्फाने शाळा बंद होतात.

सुहासिनी


कॅरी, २२ फेब्रुवारी १९८७

मागच्या पत्रात मी सगळं खरं लिहिलं नव्हतं. दार जुनं नव्हतं. रेडिओ जरा हळू कर म्हटलं म्हणून त्याने दाराला लाथ घातली. पाय आरपार गेला. नंतर तो खाली बसून रडला, मीच त्याचा पाय धुतला. असा तो कधीच नव्हता, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा त्याने एक भांडं आपटलं नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. कोंबडी खाऊन दोन महिन्यांत कुणाचं वजन इतकं वाढत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी तो कपडे धुवायला घेऊन आला. मोज्यांच्या गठ्ठ्यात एक छोटी बाटली होती, रबरी बुचाची. मी ती टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"व्हिटॅमिन्स."

"प्रताप, मी इतकी वर्षं लॅबमध्ये काय करते? यावर घोड्याचं चित्र आहे. घोड्यांना टोचायचं स्टिरॉइड आहे हे."

तो हसला. मग हसू गेलं. "सगळे घेतात, आई. त्या मोठ्या कॉलेजांमधली मुलं काय वरणभात खाऊन अडीचशे पौंडांची झालीत?"

"तुझं लिव्हर जाईल. हृदय जाईल."

"जस्ट टिल एप्रिल. मग सोडतो. प्रॉमिस."

"आणि सोडल्यावर वजन उतरलं तर?"

त्याने बाटली उचलली, खिशात घातली. मग अगदी हळू म्हणाला, "आई, फक्त वीस पौंड. तोच म्हणाला ना, बाकी सगळं माझ्याकडे आहे."

सुमेधाने समजावून त्याचं रक्त काढलं. लिव्हरचे आकडे वाईट आहेत. फार नाही, पण एकवीस वर्षांच्या मुलाचे असावेत तसे नाहीत. तिनेही सांगून बघितलं. तो तिला "हो मावशी, हो मावशी" करत राहिला आणि संध्याकाळी जिमला गेला.

मी कोचना फोन केला. ते म्हणाले, "मॅम, तो सज्ञान आहे. मला तर तो फक्त मेहनत करताना दिसतो." आणि फोन ठेवला. प्रतापला हे कळलं. तो आता घरी येत नाही.

आमच्या लॅबमध्ये एखाद्या बॅचमध्ये खोट निघाली तर मी सही करत नाही, आणि ती बॅच तिथेच थांबते. कितीही मोठा साहेब येऊन उभा राहिला तरी थांबते. इथे माझी सही कुठे लागते तेच मला कळत नाही.

तुम्ही एक फोन करा. ट्रंक कॉल लागत नसेल तर मुंबईला कुणाला तरी सांगून लावून घ्या. पुढच्या रविवारी मी त्याला काही करून घरी आणते. रागावू नका. तुमचं गेल्या सहा-सात वर्षांत त्याच्याशी बोलणंच झालेलं नाही, त्यामुळे रागवायचा हक्क जरा जपून वापरा. पण बोला.

सुहासिनी


कॅरी, २९ मार्च १९८७

तुम्ही फोन केलात, त्याबद्दल आभार मानायचे आहेत. इतके दिवस लिहायला हात होत नव्हता.

मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. "येस बाबा. नो बाबा. आय नो." तुम्ही बराच वेळ बोलत होतात. तो भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटून. मग एकदम मराठीत म्हणाला, "तुम्ही घाबरून निघून गेलात. मी नाही जाणार." आणि फोन ठेवला. तुम्ही त्याला काय म्हणालात ते मी विचारलं, त्याने सांगितलं नाही. तुम्हीही लिहिलेलं नाही. तो तसं बोलला त्याबद्दल मी त्याला ओरडले नाही, तेही सांगून टाकते.

बुधवारी त्याच्या कॉलेजात चाचणी होती. निरनिराळ्या संघांचे आठ-दहा स्काउट घड्याळं घेऊन आले होते. घरच्या लोकांना जाऊ देत नाहीत, मी कुंपणाबाहेर गाडीत बसून बघितलं.

आधी काटा. प्रताप चड्डीवर उभा, आणि एक जण आकडा मोठ्याने वाचतो. दोनशे सत्तेचाळीस. प्रतापने लगेच वॉल्टकडे बघितलं. वॉल्ट कागदावर लिहीत होता.

मग पळायला लावलं. मग एका मोठ्या गड्याला समोर उभं करून, चेंडू हलला की सुटायचं, असं पुन्हा पुन्हा. मला आता बघता येतं. फक्त मुलगा बघायचा, चेंडू नाही. अहो, तो हलतच नव्हता. म्हणजे हलत होता, पण सगळ्यांच्या बरोबर. समोरचा उठायचा तेव्हा हा उठायचा. मग दोघे एकमेकांना धरून ढकलत राहायचे. आता त्याला कोणी पिसासारखा फेकून देत नव्हतं, हे खरं. तो तिथेच असायचा, समोरच्याच्या छातीला चिकटलेला. पलीकडे जायचाच नाही.

प्रतापला ते समजत होतं. तो परत परत म्हणत होता, "वन मोअर." ते देत होते.

संपल्यावर वॉल्ट माझ्या गाडीपाशी आला. खिडकीवर हात ठेवून उभा राहिला.

"काय खायला घालत होतात त्याला, मिसेस दामले?"

"चिकन," मी म्हटलं.

"मी खूप वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "सगळ्या आया चिकनच सांगतात."

मी समोर मैदानाकडे बघितलं. तो म्हणाला, "ऑक्टोबरात मी एक हलका मुलगा बघितला. तो सगळ्यांच्या आधी पोचायचा. आज एक जड मुलगा बघितला. जड मुलं माझ्याकडे पुष्कळ आहेत. मला आज जो दिसला त्याच्याबद्दल लिहावं लागेल."

"तुम्हीच म्हणालात वीस पौंड कमी."

"म्हणालो," तो म्हणाला. त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली, आणि निघून गेला.

प्रताप गाडीत येऊन बसला तेव्हा गाडी एका बाजूला कलली. घरी यायला दोन तास लागतात. वाटेत एकदाच त्याने विचारलं, "दिसलं का तुला?" मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "नथिंग."

सुहासिनी


कॅरी, ३ मे १९८७

ड्राफ्ट दोन दिवस चालला. फोन आला नाही. म्हणजे एकदा आला, मंडळातून, गुढीपाडव्याच्या कार्यक्रमातली आपली पातेली कुणाकडे राहिली ते विचारायला. प्रतापनेच तो उचलला होता.

नंतर एका संघाने निरोप धाडला: जुलैमध्ये शिबिराला ये, बघू, वचन काही नाही. असे ते पुष्कळ जणांना बोलावतात. तो जाणार आहे.

शिबिरात लघवी तपासणार आहेत म्हणे. औषध सोडलं तर तो जुलैपर्यंत पुन्हा हलका होईल, आणि हलका त्यांना नको आहे. न सोडलं तर पकडला जाईल. सापडला नाही तरी तो आता मंद आहे. मी हे त्याच्यासमोर बसून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "आय नो, आई. आय नो ऑल दॅट." आणि बॅग भरत राहिला.

सुहासिनी


कॅरी, १६ ऑगस्ट १९८७

तार केली होती, मिळाली असेल. आता सविस्तर.

शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात झालं. कोणी त्याला हातही लावला नव्हता. चेंडू हलला, तो सुटला, आणि गुडघ्याखालचा जाड दोर असतो ना, वाटीला धरून ठेवणारा, तो तुटला. आवाज आला म्हणे. त्याला वाटलं मागून कुणी लाथ मारली, म्हणून त्याने वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

सुमेधा म्हणते, ती औषधं स्नायू फुगवतात, दोर तेवढेच राहतात. असं ती या आधीही म्हणाली होती.

मी विमानाने गेले. ऑपरेशन झालं होतं. संघाचा एक तरुण मुलगा कागद घेऊन आला, त्यावर प्रतापने सही केली, आणि मग तो संघाचा उरला नाही. मुलगा चांगला होता, मला खुर्ची आणून दिली.

घरी आणलंय. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल. पळण्याबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही नाही. आम्ही दोघेही डॉक्टरांच्या टेबलावरच्या हाडांच्या सांगाड्याकडे बघत बसलो.

औषध आता पूर्ण बंद आहे. अंग उतरायला लागलंय, आणि त्याबरोबर आणखी काहीतरी उतरतंय. दिवसदिवस पडदे लावून पडून असतो. अंघोळ कर म्हटलं की करतो, जेव म्हटलं की दोन घास खातो. चिडत नाही. दार आपटत नाही. मी ते आपटणं आठवते आणि मला ते हवंसं वाटतं, काय म्हणावं. सुमेधाने मला बाजूला घेऊन सांगितलं, याला एकट्याला ठेवू नकोस, आणि गोळ्यांची कपाटं कुलपात घाल. मी औषधांच्या लॅबमध्ये काम करते आणि घरात डोकेदुखीची गोळीसुद्धा कुलपात ठेवते.

रजा संपत आली आहे. सुमेधा दुपारी येऊन बसेल. तुम्ही याल का, हे मी विचारणार नव्हते. विचारते. याल का?

सुहासिनी


कॅरी, ६ डिसेंबर १९८७

तुमचं पत्र मिळालं. "त्याला इकडे पाठव, हवापालट होईल" असं लिहिलंत. तुम्ही येण्याबद्दल काही लिहिलं नाहीत, त्यामुळे तेच तुमचं उत्तर समजले. मी त्याला तुमचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "तिथे जाऊन काय सांगू, कोण आहे मी?" चिडून नाही, खरंच विचारल्यासारखं.  याचं उत्तर तुम्ही देऊ शकत असाल तर कळवा.

कॉलेज राहिलंय ते राहिलंय. दोन विषय शिल्लक आहेत, तो जात नाही. लंगडतो. सुमेधाने ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं, मनाच्या. त्यांनी दिलेल्या गोळ्या तो माझ्यासमोर घेतो. दोनदा मला त्या वॉशबेसिनमध्ये सापडल्या. वजन आता दोनशेच्या आत आहे. तुमच्यासारखा दिसायला लागलाय, मागून तर अगदीच.

गेल्या महिन्यात वॉल्ट येऊन गेला. या बाजूला कुठल्या तरी पोराला बघायला आला होता. मी त्याला आत घ्यावं की नाही अशी दारात उभी होते, तेवढ्यात प्रताप मागून म्हणाला, "लेट हिम इन." दोघे पुढच्या खोलीत बसले. बराच वेळ गुडघ्याबद्दल बोलले. मग प्रतापने विचारलं, "ऑक्टोबरात तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलं होतं? पहिल्यांदा बघितलंत तेव्हा?"

वॉल्ट म्हणाला, "लिहिलं होतं, आहे तसा घ्या. शेवटच्या फेऱ्यांत घ्या आणि दोन वर्षं थांबा, वजन आपोआप चढेल. असं पहिलं पाऊल रोज सापडत नाही." त्याने प्रतापच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चांगला होतास, बेटा. तुला हे माहीत असावं म्हणून सांगतो."

तो खरं बोलत होता की पोराला बरं वाटावं म्हणून, मला कळलं नाही. दिलासा द्यायलाच तो आला होता, एवढं नक्की. प्रताप हसला. आधी थोडं, मग मोठ्याने, मग थांबेचना. वॉल्ट घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला दारापर्यंत सोडलं. आत आले तेव्हा प्रताप हसायचा थांबला होता आणि पडदे ओढत होता.

त्यानंतर तीन आठवडे तो जवळजवळ बोललाच नाही. मी ऑफिसातून फोन करते. तो उचलतो, "आय अ‍ॅम हिअर" म्हणतो आणि ठेवतो. मी तेवढ्यासाठीच करते, त्यालाही ते माहीत आहे.

काल संध्याकाळी मी पोळ्या करत होते. तो आपण होऊन आला, खुर्ची ओढून ओट्यापाशी बसला. पोळीचा तुकडा तोडून हातात धरून ठेवला. म्हणाला, "आई, डिड बाबा एव्हर प्ले एनीथिंग? लहान असताना?"

मी तव्याकडे बघत राहिले. आपलं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली. त्यातली सतरा एका घरात गेली. तुम्हाला कुठली भाजी आवडत नाही ते मला माहीत आहे, झोपेत तुम्ही कुठल्या कुशीवर वळता ते माहीत आहे. हे माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं, तुम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

"आठवून सांगते," मी म्हटलं.

त्याने थोडी वाट बघितली. मग "इट्स ओके" म्हणाला, पोळीचा तुकडा ताटलीत परत ठेवला आणि खोलीत गेला.

तर तेवढं लिहा. काहीही खेळला असाल, गल्लीत, शाळेत, ते लिहा. जिंकला असाल ते नको. कधी हरलात, पडलात, टीममधून काढलं, तर ते लिहा. काहीच खेळला नसाल तर काहीतरी रचून लिहा, पण बेताचं रचा, तो ओळखेल. पत्र त्याच्या नावाने घाला. त्याला मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. तो ऐकून घेईलच असं नाही.

सुहासिनी